हृदयातलं न मिटलेलं दार, अर्धशिशी आणि लकवा: नातं किती खरं?

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात सानगडी हे जुन्या किल्ल्याचं गाव आहे. जगभरातल्या पाहण्यांचा हिशेब या गावाला लावला, तर इथल्या दर चार मोठ्या माणसांमागे साधारण एकाच्या हृदयात जन्मापासूनचं एक लहानसं दार नीट मिटलेलं नसेल. बहुतेकांना त्याचा पत्ता आयुष्यभर लागत नाही, आणि लागायची गरजही नसते. पण ‘डोकं दुखतंय? हृदयात छिद्र असू शकतं’ अशा पोस्ट मोबाईलवर फिरू लागल्या, की घाबरायला एवढं पुरेसं होतं.

या दाराचं वैद्यकीय नाव ‘पेटंट फोरामेन ओव्हाले’, थोडक्यात पीएफओ. पोटातल्या बाळाची फुप्फुसं काम करत नसतात. त्याला प्राणवायू आईकडून, वारेतून मिळतो. म्हणून रक्त फुप्फुसांना वळसा घालून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातून थेट डाव्या कप्प्यात जातं आणि त्यासाठी मधल्या पडद्यात ही वाट असते. जन्मानंतर बाळ श्वास घेतं, डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि दार लोटलं जातं. पुढे ते सहसा चिकटून बंद होतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने शवविच्छेदनात ९६५ हृदयं तपासली होती. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७ टक्के हृदयांमध्ये ते चिकटलेलं नव्हतं. म्हणजे दार लोटलेलं, पण कडी न लावलेलं. जोरात खोकला आला, कुंथलं किंवा धानाचं पोतं उचललं, की ते क्षणभर किलकिलं होतं.

शाळा-अंगणवाडीच्या आरोग्य तपासणीत मुलांच्या ‘हृदयाला छिद्र’ असल्याचं सांगतात, ते हे नव्हे. तिथे पडद्याचा भागच तयार झालेला नसतो आणि त्या मुलांना वेळेत उपचार लागू शकतात.

मग लकव्याशी संबंध कुठे येतो? पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, तर ती एरवी फुप्फुसात जाऊन अडकते. दार नेमकं त्या क्षणी उघडलं, तर लहानशी गुठळी डावीकडे निसटून मेंदूपर्यंत पोचू शकते. जर्मन शास्त्रज्ञ युलियस कोनहाइम यांनी ही वाट १८७७ मध्येच वर्णन केली होती. १९८८ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात ५५ वर्षांखालच्या लकव्याच्या ४० टक्के रुग्णांमध्ये हे दार सापडलं, तुलनेच्या निरोगी गटात १० टक्क्यांमध्ये.

अर्धशिशीचं कोडं जास्त गुंतागुंतीचं आहे. काहींना डोकं उठण्याआधी नजरेसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, हाताला मुंग्या येतात. याला ‘ऑरा’ म्हणतात. अशा रुग्णांमध्ये पीएफओ जवळजवळ निम्म्यांना आढळल्याचे अभ्यास आहेत. फुप्फुसात गाळले जाणारे काही पदार्थ थेट मेंदूत पोचून ऑरा सुरू करत असावेत, असा एक अंदाज आहे. मग दार बंद केलं की अर्धशिशी जाईल? ब्रिटनमध्ये हे करून पाहिलं गेलं. १४७ रुग्णांपैकी निम्म्यांचं दार बंद केलं, उरलेल्यांना भूल देऊन जांघेत फक्त छेद घेतला. २००८ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत तिघा-तिघांचीच अर्धशिशी थांबली. २०१६ आणि २०१७ मधल्या पुढच्या दोन चाचण्यांनाही आपलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. त्यामुळे निव्वळ डोकेदुखीसाठी हृदयात यंत्र बसवून घेण्याला आज आधार नाही.

लकव्याच्या बाबतीत चित्र वेगळं आहे. २०१७ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांनी दाखवलं, की साठीच्या आतल्या निवडक रुग्णांमध्ये दार बंद केल्याने दुसरा झटका कमी वेळा येतो. सहा चाचण्यांच्या एकत्र हिशेबात वर्षाला १.०९ टक्क्यांवरून हे प्रमाण ०.४७ टक्क्यांवर आलं. फायदा खरा आहे, पण लहान, आणि त्याबदल्यात काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. ‘निवडक’ हा शब्द इथे महत्त्वाचा. आधी दुसरं कारण शोधावं लागतं: रक्तदाब, मधुमेह, मानेतल्या धमन्या, झडपांचा आजार. पूर्व विदर्भात सिकलसेलही तपासायलाच हवा, कारण त्यानेही, विशेषतः मुलांना, लकवा होतो.

ऑरा असलेल्या स्त्रीने छिद्राची चिंता करण्याआधी गोळ्यांचं पाकीट पाहावं. ऑरासह अर्धशिशीत मेंदूची रक्तवाहिनी तुंबण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी तो आणखी वाढतो. माला-डी, माला-एन या अशाच गोळ्या. जागतिक आरोग्य संघटना ऑरा असणाऱ्यांना त्या देऊ नयेत, असं सांगते. तांबी किंवा ‘छाया’ गोळीत इस्ट्रोजेन नसतं. मात्र आशाताईला ‘डोकं दुखतं’ एवढंच सांगितलं, तर हा प्रश्न निघतच नाही. रेषा दिसतात, हेही सांगावं लागतं. बिडी आणि खर्रा सोडणं हेही याच यादीतलं.

ऑरा काही मिनिटांत हळूहळू पसरतो, लकवा अचानक येतो. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, तर ती अर्धशिशीच असेल असं धरून झोपू नये. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅननंतर. सानगडीहून नागपूर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त आहे. म्हणून १०८ ला फोन करतानाच सीटी स्कॅन असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय विचारावं आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ती वेळ कागदावर लिहून सोबत द्यावी.