पौराणिक सचेतनपट

पौराणिक सचेतनपट : रामायण, महाभारत व पुराणे यांतील कथा हाताने रेखाटलेल्या अथवा संगणकावर घडविलेल्या आकृतींना गती देऊन सांगणारे पूर्ण लांबीचे चित्रपट. व्यवहारात त्यांना ‘ॲनिमेशनपट’ किंवा सरसकट ‘कार्टून’ म्हणतात. कार्टून हा शब्द विनोद व विडंबन यांच्याशी निगडित असल्याने देवदेवतांच्या चित्रपटास तो लावणे अनेकांना रुचत नाही. पौराणिक बोलपट आणि सचेतन चित्रण या दोन्ही कला पुण्यात १९३४ मध्ये एकाच आवारात नांदत होत्या. तथापि त्यांच्या संयोगातून रामायणावरील पूर्ण लांबीचा चित्रपट निघण्यास त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे लागली आणि तोही जपानमध्ये तयार झाला. या विलंबास आर्थिक कारणे होती, तशीच देवाच्या रूपाविषयीच्या कल्पनांतून आलेलीही होती.

महाराष्ट्रात चित्रांच्या आधारे पुराणकथा सांगण्याची प्रथा जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर कलावंत चित्रांची चळत एकेक करून पुढे धरतात व गायनवादनाच्या साथीने कथा सांगतात. या चळतीस ‘पोथी’ म्हणतात. चित्र येथे स्थिरच असते. त्याला चलन देते ती कथेकऱ्याची वाणी. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ हा दीपचित्रांचा खेळ सुरू केला. काचेवर रंगविलेली पौराणिक चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर टाकून त्यांत हालचालीचा आभास निर्माण करण्यात येई. चित्रपट भारतात येण्यापूर्वीचा हा प्रयोग सचेतनपटाचा सर्वांत जवळचा पूर्वज होय. पुण्यात १८७८ मध्ये स्थापन झालेल्या चित्रशाळा छापखान्याने देवदेवतांची शिळाछाप रंगीत चित्रे घरोघर पोचविली. पुढे राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने हेच कार्य अधिक मोठ्या प्रमाणावर केले. रामाचा वर्ण, सीतेचे लुगडे, मारुतीचा मुकुट यांविषयीची सर्वसामान्य कल्पना अशा छापील चित्रांनी पक्की केली. पुढील काळातील कोणताही चित्रकार तीपासून फार दूर जाऊ शकला नाही.

रविवर्मा छापखान्यात काही काळ काम केलेले दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी ही चित्रे सजीव केली, ती मात्र नटांच्या द्वारे. निर्जीव वस्तू हलत्या दाखविण्याचे तंत्र त्यांना अवगत होते. आगकाड्यांच्या चलनाचा त्यांचा लघुपट त्याची साक्ष देतो. परंतु *लंकादहन* (१९१७) मध्ये मारुतीच्या उड्डाणासाठी त्यांनी चित्रे काढली नाहीत, तर छायाचित्रणातील युक्त्या योजल्या. *कालियामर्दन* (१९१९) या मूकपटाच्या प्रारंभी त्यांची कन्या मंदाकिनी हिच्या मुद्राभिनयाचे नमुने दाखविले आहेत. त्यानंतर तीच बालिका कृष्ण म्हणून अवतरते. मानवी चेहऱ्यातून देव प्रकट होताना पाहणे हा त्या प्रेक्षकाचा आनंद होता. रेखाटलेल्या देवामागे असा कोणी माणूस नसतो. सारा भार आकृतीवरच पडतो.

कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. *अमृतमंथन* हा बोलपट व रघुनाथ केळकर यांचा *जंबूकाका* हा सचेतन लघुपट, ही दोन्ही प्रभातची १९३४ च्या सुमाराची निर्मिती. *जंबूकाका* चा नायक मात्र कोल्हा होता, देव नव्हे. चमत्कार दाखविण्याचे काम प्रभातने आपल्या युक्तिचित्रण विभागाकडे सोपविले. *संत तुकाराम* (१९३६) मधील गरुडाकृती विमान व *संत ज्ञानेश्वर* (१९४०) मधील चालती भिंत ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. हा निर्णय व्यवहाराला धरून होता. सेकंदास २४ चौकटी या हिशेबाने दीड तासाच्या चित्रपटास १,२९,६०० चौकटी लागतात. प्रत्येक चित्र दोन चौकटींसाठी वापरले तरी सुमारे ६५,००० चित्रे काढावी लागतात, आणि एका चौकटीत दोन पात्रे असल्यास हा आकडा आणखी वाढतो. असे काम करू शकणारा प्रशिक्षित वर्ग त्या वेळी देशात नव्हता. शिवाय दगडी भिंत खरोखर चालू लागल्याचा जो प्रत्यय मिळे, तो चित्रातील भिंत चालण्याने मिळाला नसता. चित्रात सर्वच शक्य असल्यामुळे तेथे चमत्कार हा चमत्कार राहत नाही. या प्रकाराची ही अंगभूत अडचण आजही सुटलेली नाही.

तो प्रशिक्षित वर्ग स्वातंत्र्यानंतर तयार झाला. फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबई येथील व्यंगपट विभागात १९५६ पासून डिझ्नी संस्थेतील क्लेअर वीक्स यांनी भारतीय कलावंतांना शिकविले. जातककथेवरील *द बॅनियन डिअर* (१९५७) हे त्याचे पहिले महत्त्वाचे फलित. विभागाचा बराच वेळ पुढे लोकशिक्षणपर लघुपटांत गेला. याच विभागातून राम मोहन (१९३१–२०१९) पुढे आले.

जपानी निर्माते युगो साको (१९२८–२०१२) यांनी अलाहाबादजवळील उत्खननाविषयीच्या माहितीपटाच्या निमित्ताने रामायण वाचले व ते सचेतनपटातून सांगण्याचे ठरविले. विश्व हिंदू परिषदेने त्यास आक्षेप घेतला; परकीयाने रामाचे ‘कार्टून’ करणे तिला मान्य नव्हते. विषय नाजूक असल्याने भारत सरकारनेही सहनिर्मिती स्वीकारली नाही. अखेर राम मोहन व कोइची सासाकी यांच्यासह साको यांनी *रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम* जपानमध्ये पूर्ण केला आणि जानेवारी १९९३ मध्ये तो नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. वनराज भाटिया यांचे त्यास संगीत आहे. वस्त्रे, वास्तू व रीतिरिवाज यांबाबत भारतीय सल्ला घेऊन केलेली ही कृती आक्षेप घेणाऱ्यांच्या कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक श्रद्धायुक्त आहे. भारतीय मुलांना ती मुख्यतः दूरचित्रवाणीवरून परिचित झाली. चित्रपटगृहांतून तिचे व्यापक प्रदर्शन जानेवारी २०२५ मध्ये झाले.

भारतात या प्रकारास व्यापारी यश मिळवून दिले ते व्ही. जी. सामंत व मिलिंद उके दिग्दर्शित *हनुमान* (२००५) या हिंदी चित्रपटाने. त्यानंतर *कृष्णा* (२००६), *बाल गणेश* (२००७), *घटोत्कच* (२००८), *रामायण : द एपिक* (२०१०), *अर्जुन : द वॉरियर प्रिन्स* (२०१२) असे अनेक चित्रपट निघाले. त्यांच्या नायकांकडे पाहता एक गोष्ट ध्यानात येते. सूर्याकडे झेप घेणारा बालमारुती, गजमुख गणेश, राक्षसीपुत्र घटोत्कच ही पात्रे वारंवार निवडली गेली. अतिशयोक्ती हा सचेतन चित्रणाचा प्राण आहे; शेपूट, सोंड व अवाढव्य देह तिला वाव देतात. रामाच्या मुखावर मात्र मूर्तीचे स्थैर्य अपेक्षित असल्यामुळे चित्रकाराचा हात तेथे आखडतो आणि नायकापेक्षा वानर व राक्षस अधिक जिवंत वाटतात. *अर्जुन* मध्ये नायकाच्या मनातील संशय रेखाटण्याचा यत्न झाला, परंतु त्यास प्रेक्षक थोडे लाभले. अश्विन कुमार यांच्या *महावतार नरसिंह* (२०२५) या चित्रपटाने उत्पन्नाचे पूर्वीचे उच्चांक मोडले. त्याचाही नायक अर्धा पशू आहे.

या क्षेत्रात मराठी कलावंतांचा वाटा मोठा असला, तरी चित्रपटांची भाषा बहुधा हिंदीच राहिली. चौकटीमागील खर्च भाषेनुसार कमी होत नाही आणि तो भरून काढण्यास मोठी बाजारपेठ लागते. प्रभातच्या पुण्यातील आवारात १९६० मध्ये चित्रपटशिक्षणसंस्था आली. शहरातच १९६४ पासून असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फाळके यांच्या चित्रपटांचे उपलब्ध अंश जतन केले असून त्यांत *कालियामर्दन* चाही समावेश आहे. जानेवारी २००३ मध्ये या आवारातील नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली व मूकपटांच्या आणि प्रारंभीच्या बोलपटांच्या अनेक मूळ फिती तीत नष्ट झाल्या.