चित्रांच्या पुस्तकाची कुळकथा

दिवाळी अंक घरात आला की तो प्रथम कोणाच्या हाती पडतो, याचे निरीक्षण वाचकांनी यंदा जरूर करावे. कथा-कादंबरीचे रसिक असलेले वडील, शब्दकोड्यासाठी पेन्सिल टोकून बसलेले काका आणि पाककृती शोधणाऱ्या वहिनी यांची पाळी मागाहून येते. अंकाचे पहिले वाचन घरातले चार-पाच वर्षांचे शेंडेफळ करते, आणि तेही बहुधा अंक उलटा धरून. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हाही घरोघरी असेच झाले असणार. अक्षर यायला पहिली इयत्ता लागते. चित्र यायला काही लागत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावात मी पहिली-दुसरीची मुले शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यांत चित्रे नसतात, म्हणून माझे विद्यार्थी मला लेखक मानायला तयार नाहीत. त्यांच्या संगतीत राहून चित्रांच्या पुस्तकाविषयी मला कुतूहल वाटू लागले. हे पुस्तक शाळेत आले कोठून, आणि एवढ्याशा पुस्तकावर मोठमोठ्या माणसांनी इतके खटले का चालवले, याची मिळाली तेवढी हकिगत येथे सांगतो.

युरोपात या कुळाचा मूळपुरुष म्हणून कोमेनियस या मोराव्हियातल्या शिक्षकाचे नाव घेतात. तीस वर्षांच्या युद्धात त्याचे घरदार गेले, पुढे त्याची पुस्तके आणि हस्तलिखितेही आगीत जळाली. असा हा निर्वासित माणूस १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये मुलांसाठी सचित्र पुस्तक छापून घेतो, याचे मला नेहमी नवल वाटते. एका बाजूला लाकडी ठशाचे चित्र, दुसऱ्या बाजूला लॅटिन आणि जर्मन शब्द. अक्षरओळख करून देण्यासाठी त्याने कावळा, कोकरू अशी प्राण्यांची चित्रे काढली आणि त्यांच्या ओरडण्यातून ध्वनी शिकवला. आमच्या वर्गात आजही हाच पाठ सर्वांत मोठ्याने चालतो. शेजारच्या वर्गाचे गुरुजी त्यावर नाराज असतात, तो भाग वेगळा.

पण कोमेनियसचे कौतुक करताना आपले घर विसरू नये. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सांगत आले आहेत. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची चित्रे कागदावर रंगवलेली. ती एकापुढे एक धरायची आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने कथा गायची. त्या चित्रांच्या गठ्ठ्याला ते ‘पोथी’च म्हणतात. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुष्कळांना या पोथ्यांची प्रथम वार्ता लागली. पाहा, ज्यांना आपण निरक्षर म्हणत आलो त्या आदिवासी माणसांच्या हाती चित्रांचे पुस्तक होते, आणि त्यांच्या मुलांना शाळेत बसवले ते मात्र अक्षरांच्या रांगांसमोर.

ही विसंगती ज्यांना जाणवली त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव पहिले. त्या १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई माँटेसरीबाईंचे अनुयायी खरे, पण एका बाबतीत शिष्याने गुरूचे ऐकले नाही. माँटेसरीबाईंचे म्हणणे असे की, लहान मुलाला आधी खरे जग दाखवावे. पऱ्या आणि राक्षस त्याच्या डोक्यात भरू नयेत. गिजुभाईंनी लोककथा गोळा केल्या, मुलांना सांगितल्या, आणि गोष्ट कशी सांगावी याचे शास्त्रच गुजरातीत लिहून काढले. बोलणारा कावळा मुलाला खोटे शिकवतो की काय, हा वाद त्या काळी बालशिक्षणाच्या वर्तुळात गंभीरपणे चाले. माझे मत विचाराल तर मी गिजुभाईंच्या बाजूचा. चित्रातला कावळा बोलत नाही हे माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला पक्के ठाऊक असते, आणि तरीही तो काय म्हणाला हे त्याला ऐकायचे असते.

ताराबाईंनी १९४५ साली मुंबईची शिशुशाळा मागे ठेवून बोर्डी गाठली. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे दोघींनी आपले काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. शहरातली महागडी माँटेसरी साधने वारली पाड्यांवर चालेनात. तेव्हा शिंपले, बिया, पाने, माती यांचीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणातही गेली. गावोगाव आज जिला आपण अंगणवाडी म्हणतो तिचे मूळ येथे आहे. मुलाच्या भोवती जे आहे त्यातून त्याचे शिक्षण सुरू करायचे, ही त्यांची रीत. आणि चित्राच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न उभा राहतो, की चित्रात कोणाचे अंगण काढले आहे?

आता खटल्यांची गोष्ट. त्यासाठी थोडे परदेशी जाऊन यावे लागेल, कारण तिकडची प्रकरणे नोंदलेली आणि गाजलेली आहेत.

मन्रो लीफ या अमेरिकन लेखकाने १९३६ साली फर्डिनंड नावाच्या बैलाची गोष्ट लिहिली; रॉबर्ट लॉसनने चित्रे काढली. हा बैल धिप्पाड, पण त्याला झुंज नको. झाडाखाली बसून फुलांचा वास घ्यावा एवढीच त्याची हौस. त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी पेटली होती. फ्रँकोच्या स्पेनमध्ये या पुस्तकावर बंदी आली. हिटलरच्या जर्मनीत ते जाळले गेले. झुंज नाकारणाऱ्या एका चित्रातल्या बैलाला दोन हुकूमशहांनी घाबरावे, ही त्या बैलाची केवढी मोठी बिदागी! १९५९ साली अमेरिकेत अलाबामा राज्यात याहून मौजेचा प्रकार झाला. गार्थ विल्यम्सच्या पुस्तकात काळ्या आणि पांढऱ्या सशांचे लग्न लागते. तेथल्या एका सिनेटरने हे पुस्तक जाळावे अशी मागणी केली, आणि अखेर ते उघड्या फळीवरून काढून राखीव कपाटात ठेवण्यात आले. मुलांना सशाचे लग्न दिसले होते; रंग मोठ्यांना दिसला.

येथपर्यंत निवाडा सोपा आहे. आपण सारे बैलाच्या आणि सशांच्या बाजूने उभे राहू. पण तिसरी हकिगत तशी सोपी नाही, आणि ती आपल्या देशात जन्मलेली आहे.

हेलन बॅनरमन ही स्कॉटिश बाई डॉक्टर नवऱ्याबरोबर हिंदुस्थानात राहत होती. आपल्या मुलींसाठी तिने एका लहान मुलाची गोष्ट रचली, चित्रेही स्वतः काढली, आणि १८९९ साली लंडनला ती छापली गेली. वाघ एकामागून एक येऊन मुलाचे नवे कपडे काढून घेतात. मग आपापसांत भांडून झाडाभोवती इतके गरगर फिरतात की त्यांचे तूप होते. इंग्रजी पुस्तकात तिने ‘घी’ हाच शब्द ठेवला आहे! गोष्ट अशी की कोणत्याही पोराने पोट धरून हसावे. पण मुलाचे नाव ठेवले सांबो, जे काळ्या माणसांना हिणवण्याचे नाव होते, आणि चित्रात त्याचे तोंड काढले ते हसण्यावारी न्यावे असे. अमेरिकेत चोरून छापलेल्या आवृत्त्यांतली चित्रे तर आणखी ओंगळ झाली. लँग्स्टन ह्यूज या निग्रो कवीने १९३२ सालीच सांगितले की, काळ्या मुलाला हे पुस्तक लागते. पुढे पुष्कळ शाळांनी ते काढून टाकले. मग १९९६ साली फ्रेड मार्सेलिनो या चित्रकाराने तीच गोष्ट घेतली, मुलाला बाबाजी असे नाव दिले, त्याला आणि त्याच्या आई-बापांना हिंदुस्थानी रूप दिले. आणि तेच वाघ, तेच तूप, तीच गंमत पुन्हा मुलांच्या हाती आली.

बैलावर आक्षेप घेणारे गादीवर बसलेले होते. सांबोवर आक्षेप घेणारा मनुष्य हा त्या चित्रातलाच होता. दोन्ही तक्रारींना ‘पुस्तकावर आक्षेप’ हे एकच नाव आपण देतो. पण वर्गात उभ्या असलेल्या मास्तराला त्यांतला फरक ओळखावा लागतो.

महाराष्ट्रातही असे वाद नवे नाहीत. २०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या पुस्तकांवर एकदम दोन बाजूंनी चर्चा झाली. गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ म्हणण्याची सोय केली म्हणून गहजब झाला, आणि चित्रांत आई-बाप दोघेही भाजी निवडताना दाखवले म्हणून कोणी कौतुक केले, कोणी नाक मुरडले. २०२४ साली पहिलीच्या एका कवितेत हिंदी-इंग्रजी शब्द आले म्हणून पुन्हा धुरळा उडाला. भाजी निवडणाऱ्या बापाचे चित्र मी मोठ्या उत्सुकतेने वर्गात उघडले होते. कोणालाच त्याचे नवल वाटले नाही. आमच्याकडची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. फडावर बायकोबरोबर नवराही चुलीपुढे बसतो. एका मुलीने एवढेच विचारले, की हे दोघे इतकी थोडी भाजी का निवडतात, घरात माणसे नाहीत काय?

आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत येथे शेकडा एकोणसत्तर लोक आदिवासी जमातींचे होते: भिल्ल, पावरा, कोकणी, मावची, तडवी. म्हणजे मराठी गोष्टींच्या पुस्तकात ‘जंगलातला भिल्ल’ म्हणून जो काढतात, तो आमच्या बाकावर बसलेला असतो. तक्त्यावरचे ‘ध धनुष्याचा’ हे चित्र आमच्या मुलांनी लगेच ओळखले आणि लगेच नापासही केले. दोरी सुताची काढली होती. येथल्या धनुष्याला बांबूच्या कामटीची दोरी असते. एका पोराने खडू घेऊन तक्त्यावरच दुरुस्ती केली. मी पुसली नाही.

सगळीच चित्रे अशी दुरुस्त होत नाहीत. भेट आलेल्या पुस्तकांच्या खोक्यात एक गोष्ट निघाली. कंबरेला पाने, डोक्यात पिसे, तांबारलेले डोळे असा माणूस वाटसरूला लुटतो, आणि खाली लिहिलेले, भिल्ल. पुस्तके मांडताना एका मुलाचे वडील मदतीला आले होते. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “गुरुजी, पिसे आम्ही होळीला लावतो. ते आमचे देवाचे काम आहे. हा कोण आहे?” काठीच्या होळीला अंगाला राख लावून, मोरपिसांचा टोप घालून नाचणारे बुध्या आणि बावा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या प्रश्नातली कळ कळेल. “फाडून टाकू का?” असे मी विचारले. ते म्हणाले, “फाडू नका. पण बारक्यांना दाखवू नका. मोठी झाली की दाखवा, आणि सांगा की हे कोणी काढले.”

मी तसेच करतो. पहिलीत ते पुस्तक कपाटात असते. चौथीत ते बाहेर निघते. मुले चित्र पाहतात, मग पाटीवर आपला बाप काढतात. सदरा, फेटा, हातात कोयता, आणि हल्ली बहुतेकांच्या खिशात मोबाइल. एकलव्याची गोष्टही मी चौथीतच सांगतो, आणि अंगठा मागणाऱ्या गुरूबद्दल मुले जे बोलतात ते निमूट ऐकून घेतो. काही हितचिंतक म्हणतात, असले पुस्तक शाळेत ठेवूच नये. मला ते पटत नाही. बाजारात, एसटी स्टँडवर, मोबाइलच्या पडद्यावर हे चित्र मुलाला भेटणारच आहे. त्या वेळी शेजारी मास्तर नसेल.

मात्र वाईट चित्रावर नुसती चर्चा पुरत नाही, चांगले चित्रही हवे. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावे सापडली, तेव्हा नर्मदेच्या काठी माणसांनी १९९०-९२ च्या सुमारास जीवनशाळा सुरू केल्या. गाव बुडणार हे दिसत असताना शाळा काढायची, याला काय म्हणावे! त्यांनी मराठीच्या जोडीला मुलांची घरची बोली वर्गात आणली आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी धड्यांत घेतल्या. अलीकडे पावरीसारख्या बोलींतही चित्रांची छोटी पुस्तके निघू लागली आहेत.

तसले एक पुस्तक मी गेल्या पावसाळ्यात एका मुलाला घरी नेऊ दिले. त्याच्या आजीला अक्षर येत नाही. तिने चुलीपाशी बसून चित्रे पाहत पाहत पावरीत सबंध गोष्ट सांगितली; छापलेल्या गोष्टीशी तिचा काही संबंध नव्हता, आणि तीत एक बकरी जास्तीची होती. दुसऱ्या रात्री तिने पुन्हा सांगितली तेव्हा बकरी राहून गेली. नातवाने तिला तेथल्या तेथे अडवले, आणि पान मागे उलटून बकरी कोठे बांधली होती ते बोटाने दाखवले.