पालातलं बालपण आणि प्रौढपणाची दुखणी : प्रस्तावना

लहानपणी बसलेला धसका शरीरात किती वर्षं मुक्काम करतो, हे मोजणारं शास्त्र अजून तरुण आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये साडेनऊ हजार प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातली दारू, घरातलं कुणी तुरुंगात जाणं असे ते प्रश्न होते, आणि आलेली उत्तरं त्यांनी याच लोकांच्या आताच्या आजारांशेजारी मांडली. चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये दारू, नशा, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट निघाला. हृदयविकार आणि फुप्फुसांचे जुनाट आजारही आघातांच्या संख्येबरोबर चढत गेले. ज्या मुलाला सतत सावध राहावं लागतं, त्याच्या शरीरातली संकटाशी झुंजणारी यंत्रणा कधी विसावतच नाही. रक्तदाब, साखर, प्रतिकारशक्ती या सगळ्यांवर त्याची झीज साचत जाते. एवढं आता बऱ्यापैकी मान्य झालं आहे.

पण ती माणसं आरोग्यविमा असलेली, बहुतांशी गोरी, शाळा-कॉलेज केलेली होती. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने हे सुरुवातीलाच ध्यानात ठेवावं, विशेषतः तो मालेगावात बसून काम करणार असेल तर.

१ जुलै २०१८ हा दिवस घ्या. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते. त्याच रात्री मालेगावातही तशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं. पाच जणांच्या त्या कुटुंबात दोन वर्षांचं मूलही होतं. पोलिसांनी त्यांना सोडवलं म्हणून ते वाचले. फेलिटी-अँडांच्या मूळ यादीत या मुलाचा अनुभव कुठे बसवायचा? कुठेच बसत नाही. ती यादी घराच्या चार भिंतींच्या आत बघते, आणि इथे मारायला आलेलं सगळं बाहेरचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे आपल्या प्रश्नावलीत वस्तीतली आणि सामूहिक हिंसा आणली, ते योग्यच झालं. तरी माझा आक्षेप त्याहून जुन्या एका प्रश्नाला आहे.

घरातलं कुणी तुरुंगात गेलं होतं का? सॅन दिएगोत ‘हो’ म्हणणाऱ्याच्या नावापुढे कुटुंब बिघडलेलं असल्याची एक खूण पडते. हाच प्रश्न पारध्याच्या पालावर विचारला आणि तशीच खूण केली, तर आपण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचंच काम पुढे चालवतो. त्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मावरून गुन्हेगार ठरवलं आणि हजेरी लावली. पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या सुधार-वसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला दिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि गावात चोरी झाली की आधी पालाची झडती घ्यायचा शिरस्ता राहिला. बापाला पहाटे उचलून नेताना पाहिलेल्या मुलाचा आघात खरा आहे. तो घराच्या खात्यावर टाकायचा की सरकारच्या, हे मात्र प्रश्नावली सांगत नाही. अभ्यासकालाच ते ठरवावं लागतं, आणि माझ्या मते आपल्याकडचं हे क्षेत्र इथूनच सुरू व्हायला हवं.

कॅनडातल्या आदिवासींनी हा हिशेब आपल्या आधी मांडला. तिथे दीड लाखांवर मुलं निवासी शाळांत कोंडली गेली. आजही रस्त्यावर राहणाऱ्यांत आदिवासींचा वाटा लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. २०१७ मध्ये जेसी थिसल यांनी आदिवासींच्या बेघरपणाची व्याख्या बारा अंगांनी केली. छप्पर नसणं हा तिच्यातला एक भाग. जमीन, नाती, भाषा यांच्यापासून तुटणं हा उरलेला मोठा भाग. आपल्याकडे ती जशीच्या तशी लावता येणार नाही. भिल्ल, कातकरी, फासेपारधी अनुसूचित जमातींत आहेत. डवरी गोसावी भटक्या जमातींत, म्हणजे कागदोपत्री आदिवासी नाहीतच. पण मुक्काम करायला गावाची परवानगी लागते आणि ती केव्हाही काढून घेतली जाते, हे या सगळ्यांचं सामायिक वास्तव आहे. २०११ च्या जनगणनेने २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले. तो हंगाम ऊसतोडीचा. मुकादमाकडून उचल घेतलेली खानदेशातली भिल्ल कुटुंबं त्या दिवसांत दक्षिण गुजरातच्या फडांवर कोप्यांत असतात. त्यांच्या मुलांना बेघर म्हणायचं की स्थलांतरित? आरोग्याच्या नोंदवहीत ती बहुधा दोन्ही रकान्यांतून निसटतात. लसीकरण एका जिल्ह्यात, कुपोषणाची नोंद दुसऱ्यात, आणि विशीत क्षयरोग निघतो तेव्हा आधीचं काहीच हाताशी नसतं.

मालेगावच्याच नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी पाड्यावरची मुलं काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली गेल्याचं २०२२ मध्ये, एका मुलीच्या मृत्यूनंतर, उजेडात आलं. त्यातून सुटलेली मुलं आज किशोरवयात आहेत. त्यांचं पुढे काय होतं, याचा वीस-तीस वर्षं पाठपुरावा करणारा अभ्यास आता सुरू झाला, तरच काही कळेल.

वाचायला काय घ्यावं असं विद्यार्थी विचारतात. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ (१९८७) आधी वाचा, वैद्यकीय नियतकालिकं नंतर. साहित्य अकादमीने गौरवलेली ही आत्मकथनं अजून कुणी आरोग्याचे दस्तऐवज म्हणून नीट चाळलेली दिसत नाहीत, याचं मला नवल वाटतं. भटक्या-विमुक्तांविषयीचे रेणके आणि इदाते आयोगांचे अहवालही जवळ ठेवा. आणि केवळ जखमा मोजू नका. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड यांना ब्रिटिश कोलंबियात असं आढळलं, की ज्या आदिवासी समाजांच्या हाती स्वतःच्या शाळा आणि आरोग्यसेवेचा कारभार होता आणि जे आपल्या जमिनीवरच्या हक्कासाठी झगडत होते, तिथे तरुणांच्या आत्महत्या फार कमी होत्या. आपल्याकडे असं बळ कशात आहे, हा मोकळा विषय आहे. जातपंचायत त्यात येते का, यावर मी स्वतः साशंक आहे. ती आधारही देते आणि बाईला पिळूनही काढते.

शेवटी विचारण्याच्या पद्धतीविषयी. पालावर प्रश्नावली घेऊन जाणारा माणूस वहीपेन घेतलेला असतो, आणि तिथे वहीपेनवाला म्हणजे पोलीस किंवा तलाठी. पहिल्या भेटीत बालपणाविषयी काही विचारू नये. रक्तदाब मोजावा, खोकला किती दिवसांचा ते पाहावं, औषध द्यावं, पुढच्या मुक्कामाचं गाव लिहून घ्यावं आणि तिथल्या आशाताईंना फोन करावा. बाकीचे प्रश्न ती माणसं त्याच वाटेने परत येतील तेव्हा.