स्यूडोमोनस एरुजिनोसा

ओलसर माती, साचलेले पाणी आणि इस्पितळांतील मोऱ्या व नळ अशा ठिकाणी आढळणारा दंडाकृती, ग्रॅम-ऋण जीवाणू; याच्या एका टोकास एकच कशाभिका असते. निरोगी शरीरास याचा उपद्रव क्वचितच होतो. परंतु भाजलेली त्वचा, श्वसनयंत्रावर ठेवलेल्या रुग्णाचे फुप्फुस किंवा श्वेतपेशींचा ऱ्हास झालेले रक्त अशी संधी मिळताच तो प्राणघातक ठरू शकतो.

इतिहास : जखमेच्या पट्ट्यांवर चढणारा निळाहिरवा रंग शल्यवैद्यांच्या परिचयाचा होता, तो ज्या जंतूमुळे येतो तो कार्ल जेसार या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये वेगळा केला. मेलबर्न येथे १९५४ साली एका जखमेतून मिळालेल्या वाणापासून पुढे प्रमाणभूत ठरलेला ‘पीएओ-१’ हा प्रकार निघाला. त्याचा सुमारे ६३ लाख आधारक-जोड्यांचा जनुकसंच २००० साली प्रसिद्ध झाला.

समजनुक पेशींतील भेद : ज्यांची जनुके एक आणि ज्यांचे अन्नपाणीही एक, अशा पेशींचे वर्तनही एकच असावे, ही स्वाभाविक अपेक्षा या जंतूच्या बाबतीत विभाजनाच्या क्षणीच ढळते. पृष्ठभागाचा स्पर्श होताच काही सेकंदांत पेशीतील चक्रीय डाय-जीएमपी या संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढते व ती चिकटून बसते. पुढे तिचे विभाजन झाले म्हणजे, कशाभिकेच्या टोकाशी वसणारे व हा रेणू तोडणारे विकर एकाच कन्यापेशीच्या वाट्यास येत असल्यामुळे, ती कन्या पोहत दूर निघून जाते, तर दुसरी जागीच राहून वसाहतीचा पाया घालते. विभाजनानंतर या रेणूची अशी विषम वाटणी होते, हे सिॲटल येथील संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले. स्पर्शापासून प्रसारापर्यंतचा क्रम बाझेल येथील संशोधकांनी २०१९ मध्ये मांडला. एकाच पिढीत ठाण मांडणे आणि नवे ठाणे शोधणे ही दोन्ही कामे साधणारी ही व्यवस्था या जंतूच्या रोगकारकतेच्या मुळाशी आहे, आणि विषद्रव्यांच्या नामावळीपेक्षा तिचा अभ्यास अधिक मोलाचा आहे.

चिवट पेशी : प्रतिजैविकाच्या माऱ्यातून मूठभर पेशी वाचतात, पण त्यांची संतती पुन्हा औषधास बळी पडते, हे जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये स्टॅफिलोकोकस व पेनिसिलिन यांच्या प्रयोगांत नोंदविले, प्रस्तुत जंतूतही अशा पेशी आढळतात. चिवट व इतर पेशींतील हा भेद उत्क्रांतीने जोपासलेला की पेशीव्यापारातील यदृच्छेचा परिणाम, याविषयी मतैक्य नाही.

वर्गीकरण : स्यूडोमोनॅडेसी कुल.

चिकित्सा : पहा प्रतिजैविके.