तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक

१८ ऑगस्ट २०१४, सोमवार. अमेरिकेतल्या ओहायो राज्याची राजधानी कोलंबस. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा सराव चालू आहे आणि तुम्ही मैदानाच्या कडेला उभे आहात. पहिल्या सामन्याला बारा दिवस उरलेत. समोर ५ नंबरच्या जर्सीत ब्रॅक्सटन मिलर आहे, संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा; बिग टेन या गटाचा सलग दोन वर्षं सर्वोत्तम ठरलेला खेळाडू. जानेवारीत ऑरेंज बोलच्या सामन्यात त्याचा उजवा खांदा दुखावला होता. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने व्यायाम झाला, आता कुठे तो पुन्हा फेकायला लागलाय. तो एक जवळचा, साधा पास फेकतो. अंगावर कुणी आलेलं नाही, कुणाचा धक्का नाही. तरी खांदा जातो.

पुढचे पाच महिने तुम्हाला माहीत आहेत, इथे कुणालाच नाहीत. त्यामुळे मिलरभोवती जमलेल्या घोळक्यावरून नजर काढा आणि थोडं मागे बघा. तिथे त्याच्या जागेसाठीची दोन राखीव पोरं उभी आहेत. एक जे. टी. बॅरेट, टेक्सासच्या विचिटा फॉल्सचा. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी याचा गुडघा गेला होता, कॉलेजच्या एकाही सामन्यात तो अजून उतरलेला नाही. दुसरा कार्डेल जोन्स, क्लीव्हलँडचा, साडेसहा फुटांच्या आसपास उंच, हात तोफेसारखा. वसंतातल्या सरावात जोन्स दुसऱ्या नंबरवर होता. ऑगस्टमध्ये बॅरेटने त्याला मागे टाकलं. म्हणजे आज सकाळपर्यंत जोन्स तिसरा होता.

हा खेळ आपल्याकडे फारसा बघितला जात नाही, म्हणून थोडं थांबून संघ कसा बांधतात ते पाहू. मैदानात एका वेळी ११ जण असले, तरी आक्रमणाचे ११ वेगळे, बचावाचे ११ वेगळे, किक मारण्याच्या वेळचे आणखी वेगळे. खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येतात. क्रिकेटमधल्या बाराव्या खेळाडूला मैदानात पाठवलं तरी सहसा त्याच्या हाती बॅट देता येत नाही. इथे राखीव खेळाडू थेट जखमी माणसाच्या जागी उभा राहतो आणि त्याचंच काम करतो. या काळात वरच्या श्रेणीतल्या कॉलेज संघाला ८५ शिष्यवृत्त्या देता येतात. त्याशिवाय शिष्यवृत्ती न घेता नुसत्या खेळाच्या ओढीने आलेले ‘वॉक-ऑन’ असतात. प्रत्येक जागेसाठी पहिला, दुसरा, तिसरा अशी नावं लिहिलेला तक्ता म्हणजे डेप्थ चार्ट. बाहेरच्या लोकांना वाटतं, तक्त्यात नावं भरपूर असली की संघ भक्कम. पण सरावाचे तास मोजके असतात. नियमाने हंगामात आठवड्याला २०. त्यातली बहुतेक आवर्तनं, ज्यांना इथे सगळे ‘रेप्स’ म्हणतात, पहिल्या नंबरच्या वाट्याला जातात. दुसऱ्याला उरलंसुरलं मिळतं. तिसरा बहुतेक वेळ बघतच असतो. तेव्हा संघाची खोली जोखायची असेल, तर एकच गोष्ट विचारा: जो खेळत नाही, त्याला कोण शिकवतंय आणि तो किती शिकतोय?

६ सप्टेंबर. ओहायो स्टेडियमवर रात्रीचा सामना, समोर व्हर्जिनिया टेक. लाखाच्या वर लोक बॅरेटकडे बघताहेत. तुम्ही त्याच्या पुढच्या पाच जणांकडे बघा. क्वार्टरबॅकला फेकायला दोन-तीन सेकंद मिळवून देणारी ही फळी. गेल्या वर्षीच्या पाचातला एकटा टेलर डेकर उरलाय, बाकी चौघं आपापल्या जागी नवीन. व्हर्जिनिया टेकने हे हेरलंय. त्यांनी माणसं पुढे दाटीने उभी केलीत आणि जणू सांगितलंय, की फेकून दाखव. बॅरेट ७ वेळा चेंडूसकट पाडला जातो, २९ पैकी ९ पास पोचतात, ३ विरोधकांच्या हाती पडतात. ओहायो स्टेट ३५-२१ने हरतं. उद्याच्या वर्तमानपत्रांत मिलरच्या खांद्याबद्दलच मजकूर असेल. माझ्या मते तो पराभव खांद्याचा कमी आणि त्या पाच जणांचा जास्त होता. नव्या क्वार्टरबॅकला नवी फळी देणं म्हणजे एका दुखापतीची किंमत दोनदा मोजणं.

आता भरभर पुढे चला. सप्टेंबर संपेपर्यंत फळी एकमेकांची भाषा बोलू लागते. २५ ऑक्टोबरला पेन स्टेटच्या मैदानावर बॅरेट मुरगळलेल्या गुडघ्यानिशी खेळतो, सामना दोनदा जादा वेळेत जातो, ओहायो स्टेट ३१-२४ने जिंकतं. नोव्हेंबरच्या मध्यावर मिनेसोटाच्या बर्फात तो एकटा ८६ यार्ड पळतो. हंगामाअखेर त्याच्या नावावर ४५ टचडाउन, म्हणजे चेंडू विरोधकांच्या शेवटच्या रेषेपार पोचवणं, लागलेले असतील. आणि या सगळ्या दिवसांत कार्डेल जोन्स? निकाल लागून गेलेल्या सामन्यांच्या शेवटी त्याला थोडा वेळ मिळतो. बाकी कडेला, टोपी घालून.

२९ नोव्हेंबर, शनिवार. इथे जरा रेंगाळा. समोर मिशिगन, शंभराहून अधिक वर्षांचं वैर. स्टेडियम घोड्याच्या नालेच्या आकाराचं, आवाज बाहेर जात नाही, आतल्या आत फिरत राहतो. तीन सत्रं संपलीत, ओहायो स्टेट २८-२१ने पुढे. चौथ्या सत्राचा पहिलाच डाव. बॅरेट चेंडू घेऊन थोडासा पळतो, माणसांच्या ढिगाखाली जातो. ढीग सुटतो, तो उठत नाही. उजव्या घोट्याचं हाड मोडलंय. आता त्याच्याजवळ कोण वाकलंय ते बघा. मिशिगनची पांढरी जर्सी. त्यांचा क्वार्टरबॅक डेव्हिन गार्डनर आहे तो. स्वतःचा संघ मागे पडलेला असताना तो बॅरेटशेजारी बसून त्याला धीर देतोय. लाखभर माणसांत त्या क्षणी बॅरेटला काय वाटतंय हे नेमकं कळणारा तो एकटाच असावा.

जोन्स हेल्मेट चढवतो. त्याला फार काही करावं लागत नाही. चौथी, म्हणजे शेवटची संधी, एक यार्ड हवा आहे; चेंडू इझीकिएल एलियटकडे जातो आणि तो ४४ यार्ड पळत टचडाउन करतो. एलियटच्या डाव्या मनगटाकडे लक्ष द्या. ऑगस्टमध्ये तिथे शस्त्रक्रिया झालीय, हंगामानंतर पुन्हा करावी लागणार आहे. जखमी खेळाडू म्हणजे फक्त कडेला कुबड्या घेऊन बसलेला, असं आपण धरून चालतो. नोव्हेंबरअखेर मैदानात उतरलेल्यांपैकी धडधाकट किती, हे संघाच्या डॉक्टरांनाच माहीत असतं. ४२-२८. सामना जिंकलाय आणि स्टेडियममधून बाहेर पडणारे लोक हंगाम संपल्यासारखे बोलताहेत.

दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट बातमी येते. बुधवारपासून बेपत्ता असलेला संघातला एक वॉक-ऑन मृतावस्थेत सापडतो. डोक्याला बसलेल्या मारांमुळे त्रास होतोय, असं त्याने आईला संदेशात कळवलं होतं. डेप्थ चार्टच्या अगदी तळाशी असलेली ही मुलं आठवडाभर सरावात पहिल्या फळीशी धडका घेतात आणि शनिवारी बहुतेकदा नुसती उभी राहतात. पुढच्या सामन्यात बचावफळीतला मायकेल बेनेट स्वतःचा ६३ नंबर सोडून त्याचा ५३ नंबर अंगावर चढवील. संघाची खोली म्हणताना आपण ज्यांना धरतो, त्यात तोही होता. हे विसरून पुढे गेलात, तर त्या विजयांचा हिशेब अपुरा राहील.

सोमवार ते शुक्रवार. जोन्सच्या हाती पाच दिवस. मुख्य प्रशिक्षक अर्बन मायर आणि आक्रमणाची आखणी करणारे टॉम हर्मन यांनी जे केलं, ते मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांनी जोन्सला बॅरेट बनवण्याचा खटाटोप केला नाही. बॅरेट नेमका होता, चपळ होता; जोन्सचा जोर लांब पल्ल्यावर. मग डेव्हिन स्मिथ नावाचा वेगवान रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, घ्या, त्याला सरळ पळवा, आणि या पोराला फेकू द्या. बाकी भार एलियटवर आणि त्या पाच जणांच्या फळीवर. सप्टेंबरमध्ये ठेचकाळलेली तीच फळी आता तीन महिने एकत्र खेळून घोटीव झालीय. तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक कोऱ्या पाटीवर उभा राहत नाही. त्याच्याभोवतीची माणसं जागेवर असली, तरच तो उभा राहतो. जोन्सच्या मागे मात्र अनुभवी असं कुणीच उरलेलं नाही.

६ डिसेंबर, इंडियानापोलिस. बिग टेनचा अंतिम सामना, छताखाली. समोर विस्कॉन्सिन, त्यांचा मेल्विन गॉर्डन देशातला सगळ्यात धोकादायक रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. सट्टाबाजाराचा कौल विस्कॉन्सिनकडे. पहिल्याच चढाईत जोन्स ३९ यार्डांवर चेंडू भिरकावतो, स्मिथ उडी मारून तो झेलतो. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. मध्यंतराला ३८-०, शेवटी ५९-०. जोन्सचे १७ पैकी १२ पास, २५७ यार्ड. एलियटचे २२० यार्ड. आणि तिकडे गॉर्डनला २६ धावांत ७६ यार्डांवर रोखून धरलंय. हा आकडा कमी लेखू नका. बचावाने समोरच्याला शून्यावर ठेवलं, की नवख्या क्वार्टरबॅकला घाई करावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी निवड समिती राष्ट्रीय विजेतेपदासाठी झुंजणाऱ्या पहिल्या चार संघांची नावं जाहीर करते. चार संघांची ही पद्धत याच वर्षी सुरू झालीय. ओहायो स्टेट पाचव्यावरून चौथ्या जागी येतं. तिसऱ्यावर असलेलं टीसीयू ५५-३ने जिंकूनही सहाव्यावर घसरतं. टीसीयूच्या खेळाडूंच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मला त्यांचा संताप रास्त वाटतो. पण समितीपुढे सवाल होता, बॅरेटशिवाय हा संघ काय आहे? ५९-०ने त्याचं उत्तर दिलं होतं.

१ जानेवारी २०१५, न्यू ऑर्लिन्स. उपांत्य सामना. पहिल्या क्रमांकाचा अलाबामा २१-६ने पुढे. इथे जोन्स एकटा सामना फिरवत नाही. मध्यंतराच्या तोंडावर इव्हान स्पेन्सर, जो रिसीव्हर आहे, तो स्वतः पास फेकतो आणि मायकेल थॉमस कोपऱ्यात तो पकडतो. २१-२०. बचावफळीतला स्टीव्ह मिलर पास पळवून ४१ यार्ड धावतो. शेवटी एलियट ८५ यार्ड सुटतो. ४२-३५.

१२ जानेवारीला अंतिम सामन्यासाठी टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला गेलात, की नजर ओरेगॉनच्या बाजूला वळवा. त्यांच्याकडे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन चषक जिंकलेला मार्कस मारिओटा आहे, ठणठणीत. पण पास अडवणारा त्यांचा सर्वोत्तम कॉर्नरबॅक डिसेंबरच्या सरावात गुडघा मोडून बसलाय, पास झेलणारा टाइट एंड नोव्हेंबरमध्येच दुखापतीने बाहेर गेलाय, एक रिसीव्हर ‘रोज बोल’च्या उपांत्य सामन्यात जखमी झालाय आणि दुसरा बंदीमुळे बाहेर आहे. पहिला क्वार्टरबॅक शाबूत, पण ज्यांच्याकडे त्याने फेकायचं, तेच पातळ झालेले. ओहायो स्टेट चार वेळा चेंडू गमावतं, तरीही ४२-२०ने जिंकतं. एलियट ३६ वेळा धावतो, २४६ यार्ड, ४ टचडाउन. जोन्सची कारकिर्दीतली ही फक्त तिसरी सुरुवात, आणि तो राष्ट्रीय विजेता आहे.

आणखी एक मुक्काम बाकी आहे. २१ नोव्हेंबर २०१५, पुन्हा कोलंबस, पाऊस आणि वारा. समोर मिशिगन स्टेट, मिशिगनहून वेगळं विद्यापीठ. गेल्या वर्षीच्या शेवटी तिघा क्वार्टरबॅकपैकी एकच धडधाकट होता, यंदा तिघंही आहेत. मिलर क्वार्टरबॅक म्हणून या संघासाठी पुन्हा कधीच खेळला नाही; तो रिसीव्हर झालाय. हंगाम जोन्सने सुरू केला, मग त्याची नि बॅरेटची आलटापालट झाली, आज बॅरेट खेळतोय. ज्या खोलीने गेल्या वर्षी तारलं, तिनेच यंदा आक्रमणाची घडी बसू दिलेली नाही. रेप्स दोघांत वाटले जातात आणि पुरेसे कुणालाच होत नाहीत. एलियटला दिवसभरात फक्त १२ वेळा चेंडू मिळतो. सलग २३ सामने जिंकलेला हा संघ १४-१४वर अडकलाय आणि मिशिगन स्टेटचा मायकेल गायगर शेवटच्या सेकंदाला ४१ यार्डांवरून किक मारतो. १७-१४. चेंडू खांबांमधून गेल्याबरोबर तो हात गरगरा फिरवत मैदानभर पळत सुटतो.

मिशिगन स्टेटचा पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक कॉनर कुक आज खेळलेलाच नाही. फेकीच्या हाताचा खांदा दुखावल्यामुळे तो कडेला उभा होता. दोन राखीव पोरांनी आळीपाळीने, मुख्यतः पळून, सामना ओढत आणला. पुढच्या आठवड्यात कुक परतेल, ५ डिसेंबरला आयोवाला १६-१३ हरवून मिशिगन स्टेट बिग टेन जिंकेल, आणि चार संघांच्या यादीत या वेळी ओहायो स्टेटचं नाव नसेल.