जुन्या घरगुती संगणकांतील हार्ड डिस्कचा वाचन-लेखन वेग

हार्ड डिस्कचा वाचन-लेखन वेग म्हणजे डिस्कवरील माहिती वाचण्याचा किंवा तिच्यावर नवी माहिती नोंदवण्याचा दर होय. तो सहसा मेगाबाइट प्रतिसेकंद या एककात मोजला जातो. जुन्या संगणकांचा प्रतिसाद अनेकदा या दरापेक्षा माहितीपर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेमुळे मंदावतो.

कार्यपद्धती

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप असलेल्या चकत्या स्थिर गतीने फिरतात आणि शीर्ष (हेड) त्यांवरील माहिती वाचते. शीर्ष योग्य पथावर नेण्यास लागणाऱ्या वेळेला शोधकाळ म्हणतात, तर हवा असलेला भाग फिरत शीर्षाखाली येईपर्यंतच्या वेळेला परिभ्रमण विलंब म्हणतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण होतो. सरासरी विलंब त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद असतो. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये तो ५.६ मिलिसेकंद असतो.

सलग आणि विखुरलेले वाचन

१९८३ मधील आयबीएम पीसी एक्सटी या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. २००५ च्या सुमारास घरगुती डिस्क मोठी सलग फाइल सेकंदाला साधारण ५० मेगाबाइट या वेगाने वाचू शकत असे. मात्र शोधकाळ ९ मिलिसेकंद धरल्यास प्रत्येक विखुरलेल्या तुकड्यासाठी सुमारे १३ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे सेकंदाला ७५ च्या आसपासच तुकडे वाचले जातात. प्रत्येक तुकडा ४ किलोबाइटचा असल्यास हा वेग केवळ ३०० किलोबाइट प्रतिसेकंद होतो. संगणक सुरू होताना असंख्य लहान फाइली वाचाव्या लागतात, म्हणून तेव्हा जास्त वेळ लागतो.

जोडणीची मर्यादा

'एटीए-१००' या नावातील १०० हा आकडा जोडणीची सेकंदाला १०० मेगाबाइट ही कमाल क्षमता दर्शवतो, डिस्कचा प्रत्यक्ष वेग नव्हे. केबल सदोष असल्यास विंडोज एक्सपी वारंवार त्रुटी आल्यावर जोडणी संथ 'पीआयओ' पद्धतीवर नेत असे.

लेखन आणि वीजपुरवठा

लेखन जलद व्हावे म्हणून माहिती आधी तात्पुरत्या स्मृतीत ठेवली जाते व नंतर चकतीवर उतरवली जाते. या दरम्यान वीज गेल्यास ती नष्ट होऊ शकते. २००५ नंतरच्या काही वर्षांत अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यासह महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दीर्घ भारनियमन होत असे. अशा परिस्थितीत यूपीएस नसलेल्या संगणकांतील माहितीला हा धोका अधिक असतो.

वेग सुधारण्याचे उपाय

रॅम वाढवल्यास डिस्कचा वापर कमी होतो. फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणल्यास (डीफ्रॅगमेंटेशन) शीर्षाची हालचाल घटते. फिरणारे भाग नसलेली एसएसडी बसवल्यास सर्वाधिक फरक पडतो. डिस्क अचानक संथ झाल्यास ती निकामी होऊ लागल्याची शक्यता असते. अशा वेळी कोणताही उपाय करण्यापूर्वी महत्त्वाच्या माहितीची प्रत अन्यत्र घेणे आवश्यक ठरते.