बातमीचा वेग आणि खोली: १९४३चा धडा

बातमीला वेग हवा की खोली, हा वाद आज वारंवार ऐकू येतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि सरकारी अधिकारी या दोन्ही नात्यांनी मला अशा वेळी १९४३चा बंगाल आठवतो.

२२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या 'द स्टेट्समन'ने उपासमारीने गांजलेल्यांची छायाचित्रे छापली. संपादक इयान स्टीफन्स यांनी युद्धकालीन निर्बंधांतून वाट काढली होती. तरीही मदतकार्यासाठी लष्कर उतरण्यास व्हाइसरॉय वेव्हेल यांची ऑक्टोबरअखेरची कलकत्ता भेट व्हावी लागली. वुडहेड आयोगाने १९४५ मध्ये बळींची संख्या सुमारे १५ लाख मानली. नंतरचे अनेक अंदाज ३० लाखांच्या आसपास जातात.

माझ्या मते बातमी त्याआधी कित्येक महिने बाजारात उभी होती. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात तांदळाचा घाऊक भाव मणाला १३-१४ रुपये होता. ऑगस्ट १९४३ मध्ये तो ३७ रुपयांवर गेला. शेतमजुरी त्या प्रमाणात वाढली नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हाच हिशेब मांडला: १९४१च्या तुलनेत धान्य अधिक असूनही मजुराची ते विकत घेण्याची ताकद आटली होती.

छायाचित्रांनी मृत्यू दाखवला. भाव आणि मजुरी शेजारीशेजारी छापली गेली असती, तर तो येताना दिसला असता. म्हणून खोली म्हणजे विलंब, हे मला मान्य नाही. कारणांचा शोध घेणारा वार्ताहर पुष्कळदा आधी पोहोचतो, आणि प्रशासनालाही हालचालीस अवधी मिळतो.